बियाला राखलेली मिरची
(घरच्या मिरचीचं बी धरण्याविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

पनवेलमध्ये होळी झाली की गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी आणि थोडी लवंगी अशी मिरची त्यांवर पसरते. चार दिवसांच्या उन्हाने ती कडकडीत झाली की बायका देठ खुडायला बसतात. आगरी-कोळी घरांत वर्षाचा मसाला हे मोठं काम. कोणती मिरची किती घालायची याचं प्रमाण ज्या त्या घराचं असतं, आणि ते सासूकडून सुनेकडे जातं. डबे भरून मिरची कांडपावर गेली की मागे साडी झटकायची राहते. तिच्या घड्यांत मूठभर पिवळसर बी सांडलेलं असतं. एखादी बाई त्यातलं चिमूटभर उचलते आणि गॅलरीतल्या कुंडीत टाकते. पंधरा दिवसांत दोन पानांचं हिरवं रोप वर येतं. त्या सकाळचा आनंद ज्याने अनुभवला आहे, त्याला ही पुस्तिका कशासाठी आहे ते वेगळं सांगायला नको.

तरीही सांगतो, कारण सांडलेलं बी आणि धरलेलं बी यांत फार अंतर आहे. साडीतलं बी कोणत्या झाडाचं, ते झाड निरोगी होतं की बोकड्याने आकसलेलं, त्याच्या शेजारी कोणती मिरची फुलली होती, हे कुणालाच ठाऊक नसतं. ते उगवतं, पण काय देईल याचा भरवसा नसतो. धरलेल्या बियामागे एका माणसाने केलेली निवड असते. त्याने झाड वर्षभर पाहिलेलं असतं, त्याची एक फांदी बाजूला राखलेली असते, आणि त्या फांदीवरची सगळ्यांत देखणी मिरची भाजीत, ठेच्यात किंवा वरणाच्या फोडणीत जाऊ दिलेली नसते. या सगळ्या विद्येचं सार मला एवढंच वाटतं: सगळ्यांत चांगली मिरची खायची नाही. ऐकायला हे सोपं वाटतं. जेवणाच्या वेळी हाताशी दुसरी मिरची नसते, तेव्हा ते अवघड होतं.

इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली, तेव्हा महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात मिरची नव्हती. तिखटपणासाठी मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं. मिरचीचं माहेर अमेरिका खंडात. मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेच्या मुलखात माणूस ती हजारो वर्षं लावत आला होता. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्या शतकात त्यांच्या गलबतांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. आपल्या लोकांनी तिचं नाव जुन्या ओळखीच्या मिरीवरून पाडलं. परक्या पिकाला इतक्या लवकर घरचं नाव मिळाल्याची उदाहरणं थोडी आहेत.

नावाइतक्याच वेगाने तिचं रूपही बदलत गेलं. गोव्यात काणकोणच्या डोंगरउतारावर खोलाची मिरची तयार झाली, पेडण्याकडे हरमलची. घाटावर संकेश्वर-गडहिंग्लजच्या पट्ट्यात संकेश्वरी आली, हावेरीकडे सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला सौम्य अशी बेडगी, आणि विदर्भात भिवापुरी. बेडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, खोलाच्या मिरचीला २०१९ मध्ये. भिवापुरीलाही ते मिळालेलं आहे. मानांकनाच्या कागदावर गावाचं नाव येतं. ज्यांच्यामुळे हे वाण उभे राहिले, त्या बायाबापड्यांची नावं कुठेच नाहीत. चार-पाचशे वर्षांत प्रत्येक हंगामाच्या अखेरीस कुणीतरी शेतातून फिरलं, एखाद्या झाडापाशी थांबलं आणि म्हणालं, ‘हिचं बी ठेवू या.’ कुणी रंग पाहिला, कुणी तिखटपणा, तर कुणाला पावसात न कुजणारी मिरची हवी होती. अशा हजारो लहान निर्णयांची साखळी म्हणजे वाण. ती एखाद-दोन हंगाम तुटली, तर तो वाण पुन्हा कुठून आणणार? अस्सल संकेश्वरी आता शोधावी लागते, ती या साखळीच्या कड्या गळत गेल्या म्हणूनच.

हे पनवेलमध्ये बसून लिहिताना वेगळं वाटतं. आमचा हा तालुका मुळात भाताचा आणि खाऱ्या जमिनीचा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र इथेच आहे. खारं पाणी सोसणारे भाताचे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे वाण त्या केंद्राने दिले. म्हणजे या गावाचं नाव बियाण्याच्या पिशवीवर आधीच लिहिलेलं आहे. भात कापल्यावर ओल असलेल्या तुकड्यात आणि घरामागच्या परसात मिरची, वांगी, वाल, घोसाळी व्हायची. बियाणं घरचं असायचं. घोसाळं वेलीवरच वाळवायचं, भेंडीची एक शेंग ‘बियाची’ म्हणून सोडायची, दुधी चुलीवरच्या धुरात टांगायचा, आणि मिरचीचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी शेतं गेली. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. विमानतळासाठी दहा गावं उठली आणि २०२५ मध्ये तिथे धावपट्टी सुरू झाली. जमिनीचा हिशेब झाला, घरांचा झाला, तो पुरेसा झाला की नाही यावर आंदोलनंही झाली. परसातल्या मडक्यात जे बी होतं, त्याची नोंद कुठल्या पंचनाम्यात होत नाही. घर बदलताना मडकं फुटलं, किंवा नव्या इमारतीत लावायला जागा नाही म्हणून दोन वर्षं बी पेरलं गेलं नाही, आणि त्याचा जीव गेला. याचं मला मनापासून दुःख आहे. पण ते दुःख करत बसण्यासाठी हे पुस्तक नाही. मिरचीला शेत लागतंच असं नाही. बारा इंची कुंडी, दिवसाचं पाच-सहा तास ऊन आणि एक जागरूक माणूस एवढ्यावर तिचं बी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहू शकतं. भाताचं तसं करता येत नाही, आंब्याचं तर नाहीच. शहर झालेल्या गावाला आपल्या शेतीचा जो एक धागा खरोखर हातात धरता येईल, तो मिरचीचा आहे.

आता थोडं मिरचीच्या स्वभावाविषयी. पुढची सगळी कृती त्यातून येते.

आपण रोज जी हिरवी मिरची खातो, ती कच्चं फळ आहे. तिच्यातलं बी अजून भरलेलं नसतं. फुलापासून फळ पूर्ण लाल व्हायला साधारण दोन महिने लागतात, आणि बी पक्कं होतं ते तेव्हा. हिरव्या मिरचीचं बी काढून पेरणाऱ्यांची निराशा होते ती इथे. दुसरी गोष्ट, झाडावर फळं पिकू दिली की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि नवी फुलं कमी येतात. म्हणून खायचं झाड आणि बियाचं झाड शक्यतो वेगळं ठेवावं. एकच झाड असेल तर एक फांदी दोरा बांधून राखावी.

तिखटपणा बियात असतो ही समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात तो तयार होतो बी ज्याला चिकटलेलं असतं त्या पांढऱ्या पडद्यात. बियाला तो फक्त लागतो. या तिखटाचं, म्हणजे कॅप्सायसिनचं, निसर्गातलं काम फार सुंदर आहे. उंदीर-घुशींसारखे सस्तन प्राणी दाढांनी बी चिरडून टाकतात. तिखट त्यांना दूर ठेवतं. पक्ष्यांना मात्र ही आग जाणवत नाही. ते लाल मिरची गिळतात, आणि विष्ठेबरोबर अखंड बी दूर कुठेतरी पडतं. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाड्यांत कुणी न लावलेलं मिरचीचं रोप झाडाखाली उगवतं, त्यामागे बुलबुलासारख्या पाखरांचा हात असतो. माणसाला ही आग जाणवते ती पेशींवरच्या एका विशिष्ट ग्राहकामुळे. तो ओळखणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, आणि तो शोधायला त्यांनी मिरचीतलं कॅप्सायसिनच वापरलं होतं. घरच्यांसाठी यातला उपयोगाचा धडा असा: बी काढताना हाताला तेल लावा किंवा हातमोजे घाला, आणि आग झालीच तर आधी तेल चोळून मग साबणाने धुवा. कॅप्सायसिन तेलात विरघळतं, नुसत्या पाण्याने जात नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मिरचीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे ते स्वतःचं स्वतः फळू शकतं. पण मधमाश्या आणि इतर कीटक शेजारच्या झाडाचा परागही आणतात, आणि हे प्रमाण कधीकधी बरंच असतं. म्हणूनच सरकारी बीजप्रमाणीकरणाच्या नियमांत मिरचीच्या दोन वाणांमध्ये पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटर अंतर ठेवायला सांगितलं आहे. नवीन पनवेलच्या गॅलरीत ४०० मीटर कुठून आणायचे? त्यावर उपाय आहे आणि तो दहा रुपयांचा आहे. लग्नात सुपारी-बदाम द्यायला जाळीच्या लहान पिशव्या मिळतात. कळ्या उमलण्याआधी ती पिशवी फांदीवर चढवायची, तोंड सैल बांधायचं आणि सकाळी फांदीला हलकी टिचकी मारायची, म्हणजे पराग आतल्या आत पडतो. फळ धरलं की पिशवी काढायची आणि त्या फळाच्या देठाला रंगीत दोरा बांधायचा. पुढे ओळख पटते ती त्या दोऱ्याने.

पिशवी न लावता सिमला मिरची आणि लवंगी शेजारी-शेजारी ठेवली तर काय होतं? या वर्षी काहीच नाही. सिमला गोडच राहते, कारण फळाचा गर आईच्या झाडाचा असतो. बदल आत, बियात झालेला असतो. पुढच्या वर्षी त्या बियाचं झाड येतं आणि त्याची मिरची जिभेला चटका देते, कारण तिखटपणाचा गुण गोडपणावर मात करतो. ‘माझी सिमला बिघडली’ असं म्हणणाऱ्यांचा घोटाळा हा असतो.

संकरित वाणांबद्दलही इथेच बोलायला हवं. आपल्याकडे सिमला मिरचीचा पहिला संकरित वाण १९७३ मध्ये आला, आणि आता बाजारातलं बरंचसं बियाणं संकरितच आहे. दोन वेगळ्या आईबापांचा तो पहिला वंश असतो, एकसारखा आणि जोमदार. त्याचं बी धरलं तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात: एक झाड उंच, एक ठेंगणं, एक भरघोस, एक रिकामं. यात फसवणूक काही नाही, ते आनुवंशिकतेचे नियम आहेत. पण त्यामुळे शेतकरी दरवर्षी दुकानात जातो. सरळ वाणाचं तसं नाही. पुसा ज्वाला, फुले ज्योती किंवा आपल्या दापोलीचा कोकण कीर्ती, आणि गावोगावच्या गावठी मिरच्या यांचं बी घरी धरता येतं आणि ते आईसारखंच निघतं. म्हणून पहिलं बी घेतानाच विचारा: संकरित की सरळ? पनवेलच्या बाजारात पावसाळ्यात आदिवासी बायका डोंगरातून शेवळं, टाकळा, कंटोळी घेऊन बसतात. त्यांच्या टोपलीत कधी परसातली मिरचीही असते. तिच्याविषयी जरूर विचारा. त्यांच्याकडून घेतलेली चार लाल फळं म्हणजे खऱ्या अर्थाने बियाण्याची खरेदी.

कायदाही या बाजूने आहे. पिकांचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा २००१ चा कायदा कलम ३९ मध्ये शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचा हक्क देतो. संरक्षित वाणाचं बी छापील नावाच्या पाकिटात घालून विकायचं नाही, एवढीच अट आहे. बी वाटणं ही आपली जुनी रीत, आणि संसदेने ती हक्क म्हणून लिहून ठेवली आहे.

या हक्काचं सोनं कसं करायचं ते अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवलं. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी बाईंनी घरात देशी बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली आणि महाराष्ट्र त्यांना बीजमाता म्हणून ओळखतो. राहीबाईंचं काम मोठं आहे, पण त्याची सुरुवात झाली ती एका घरातल्या परसबागेपासून. आपल्याला शंभर वाण सांभाळायचे नाहीत. एका घराने एक मिरची नीट सांभाळली, तरी पनवेलच्या एका मोठ्या इमारतीत एक लहानशी बियाणे बँक तयार होते.

आता कोकणातली खरी अडचण. देशावरच्या पुस्तकांत बी वाळवून डब्यात भरा एवढं सांगितलं की भागतं. इथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की मीठ पाणी धरतं. बियाचं आयुष्य ओल आणि उष्णता ठरवते. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे: बियातली ओल एक टक्क्याने कमी केली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान पाच अंशांनी कमी केलं तरी दुप्पट. प्रमाणित मिरचीच्या बियात साध्या पिशवीत ८ टक्के आणि हवाबंद डब्यात ६ टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. डबा हवाबंद असेल तर बी जास्त वाळलेलं हवं हे पाहून नवख्याला नवल वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्या वर्षी वरवर कोरडं दिसणारं बी मी काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवलं. आषाढात बरणीच्या आतल्या बाजूला दव धरलं होतं आणि बियावर करड्या बुरशीचा थर होता. तीन झाडांची वर्षभराची मेहनत होती ती. हवाबंद डबा बाहेरची ओल आत येऊ देत नाही, तशी आतली बाहेरही जाऊ देत नाही. हे मी त्या दिवशी शिकलो, आणि या पुस्तिकेतलं वाळवण्याचं प्रकरण सगळ्यांत लांब आहे ते त्यामुळे.

म्हणून आमचं वेळापत्रक पावसाला पाहून ठरवलं आहे. बियासाठीची मिरची पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळं लाल होतात. हे कोकणातले सगळ्यांत कोरडे दिवस, आणि मसाल्याचेही. फळं तोडून आठवडाभर सावलीत ठेवायची, कारण तोडल्यावरही आतलं बी पक्कं होत राहतं. मग ती चिरून बी काढायचं आणि कागदावर, सावलीत, वाऱ्याला पसरायचं. भर दुपारच्या तापल्या गच्चीवर मसाल्याची मिरची वाळवावी, बी नव्हे. बी दुमडून पाहा. वाकलं तर ओलं आहे, कटकन मोडलं तर झालं. मग कागदी पाकिटात घालून बरणीत ठेवा, तळाशी भाजून थंड केलेले कोरडे तांदूळ, आणि बरणी फ्रिजमध्ये. आजीच्या काळी चुलीवरचा धूर आणि मडक्यातली राख हेच काम करत होती. साधनं बदलली, कोरडेपणाची गरज तीच आहे. अशा बियाची उगवण दोन-तीन वर्षं चांगली राहते. पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चौदा दिवसांत सहा उगवल्या तर प्रमाणित बियाण्याची किमान अट तुमच्या घरच्या बियाने पुरी केली.

पुढच्या पानांत हे सारं क्रमाने आणि चित्रांसह येईल: झाड कसं निवडायचं, चुरडा-मुरडा आणि फळकूज झालेल्या झाडाचं बी का घ्यायचं नाही, एकाऐवजी पाच-सहा झाडांचं बी एकत्र का करायचं. मिरची जमली की त्याच हाताने वांगं, टोमॅटो, भेंडी आणि घोसाळीही जमतात. शेवटची काही प्रकरणं त्यांची आहेत.

एक विनंती मात्र आत्ताच. पाकिटावर बियाचं नाव, कुणाकडून मिळालं आणि कोणत्या महिन्यात धरलं एवढं लिहा, आणि त्यातलं निम्मं बी दुसऱ्या घरी द्या. एका बरणीचं झाकण सैल राहील, एक फ्रिज बंद पडेल, एक घर गाव सोडून जाईल. माझ्या बुरशी आलेल्या बरणीनंतर मला तीच मिरची पुन्हा लावता आली, कारण त्यातली पंधरा-वीस बियं मी खालच्या मजल्यावर दिली होती. पुढच्या मार्चमध्ये शेजारीण चार लाल मिरच्या घेऊन जिना चढून आली. त्यांतल्या सगळ्यांत लांब मिरचीच्या देठाला तिने दोरा बांधला होता.

पनवेल
अक्षय्य तृतीया